अडतीस मीटर

कळंब्याच्या माळावर पेंढ्याचं हरीण.
यंत्र डोळ्याला लावलं:
लाल ठिपका, अडतीस मीटर.

दस्तगीरमामू खोकत हसला.
त्याच्या आज्यानं संस्थानाचे चित्ते सांभाळलेले.
"आकडा कशाला रं?
कान दिसला की साठ पावलं.
कानातलं केस दिसलं की तीस.
डोळ्यातलं पाणी दिसलं
तर हात उठतच न्हाई, लेका."

दोरी गालापर्यंत ओढली.
फडावरून वारा आला,
गुऱ्हाळाचा गोड धूर घेऊन.
बाण हरणावरून
पार बाभळीत.

मागं वळून उगाच
यंत्र मामूवर रोखलं.
बावीस मीटर.
भिंगात त्याचे डोळे,
दोन्हींवर दुधाची साय.

"लागला का रं?"
"लागला, मामू.
खांद्याच्या मागं."
"बघ," तो म्हणाला,
"साठच हुती."