ओतायची बाजू

सकाळी साडेआठला, आठ एकतीसला नाही,
भरमाण्णा हलगेकर कुंपणाची कडी काढतो,
नरसाळं उचलतो, खालची बाटली
काचेच्या उभ्या मापात रिकामी करतो
आणि डोळा पाण्याच्या पातळीला आणायला
चिखलात गुडघे टेकतो.
काठाशी पाणी वर चढतं, मधे जरा वाकतं.
वाकलेलं धरायचं, चढलेलं नाही,
हे खात्यानं शिकवलं. एकदाच. अठ्ठावीस वर्षांपूर्वी.

एकशे त्रेसष्ट पूर्णांक चार.

आकडा वहीत कानडीतून उतरतो,
वही कानडी आहे म्हणून.
मोजतो तो मराठीत, ओठ न हलवता.

मग उरतं ते पाणी.
त्याचं काय करायचं हे फॉर्मात कुठंच नाही.

आमचं गाव कणकुंबीच्या वरच्या अंगाला, घाटाच्या कण्यावर.
शाळेच्या कौलांवर पडलेली एकच सर
आढ्यावर दोन होते.
उगवतीच्या पागोळ्या मलप्रभेला,
खानापूर, सौंदत्तीचं धरण, तिथं अडकून पडणं,
सुटलंच तर कृष्णा, लांबची भातं,
आणि कधीतरी, कुणाला आठवणही नसताना,
बंगालचा उपसागर.
मावळतीच्या पागोळ्या म्हादईला:
दरीत उडी, जंगल, की आली पणजी.
मधे एका कौलाची रुंदी.

भरमाण्णा सम तारखेला उगवतीला ओततो,
विषम तारखेला मावळतीला.
एकतीस जुलैनंतर एक ऑगस्ट येते,
म्हणजे मावळतीला लागोपाठ दोनदा.
हे त्याला खुपतं.
फेब्रुवारीत भरून काढीन म्हणतो.
फेब्रुवारीत पाऊस कुठला?

एकदा जीपमधून साहेब आले,
छत्री सावरत विचारलं, हे पाणी कुणाचं?
"पडूलालंय तवर कुणाचंच नव्हं, सायेब.
मी मोजतो तवर माझं.
फुडचं त्येलाच इचारा की."

यंदा ऑगस्टात तोच वाहून गेला.
जुलाब, उलट्या, तीन दिवसांत डोळे आत,
चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी.
जांबोटीच्या वाटेनं रात्री बेळगावला नेला.
सकाळी माप मी घेतलं, त्याची भाची:
वाकलेलं धरलं, चढलेलं नाही,
आणि दुपारच्या बसनं गेले.

वॉर्डात बाटली टांगलेली,
नळीत थेंब, थांबा, थेंब.
तो मोजत होता. मिनिटाला बेचाळीस.
"मीठ असतंय म्हणं ह्यात."
असतं, मामा.
"म्हंजे समुद्रच की गा."
नंतर बराच वेळानं, डोळे मिटूनच,
"खंच्या बाजूचा?"

मी हसले. नर्सनं वळून पाहिलं.
मग त्यानं आकडा विचारला. सांगितला.
"आणि वतलंस कुठं?"

काय सांगणार. घाईत विसरले होते.
माप तसंच चुलीपाशी राहिलं होतं,
मी त्याचाच चहा टाकला होता
आणि थर्मास घेऊन आले होते.

तो थोडा वेळ छताकडे बघत राहिला.
"आज अकरा," म्हणाला. "विषम."
मग सुई सांभाळत उठून बसला,
दोन्ही हातांनी कप धरला
आणि मावळतीच्या खिडकीकडे तोंड करून
सावकाश प्यायला.