झीरो बघून घ्या

"झीरो देख लीजिए" असं मी दिवसातून
पाच-सहाशे वेळा म्हणते.
मराठीत म्हणते ते फक्त रामबागेतल्या पागनीसकाकांना.
ते दर सोमवारी शंभराचंच टाकतात
आणि विचारतात, "काय गं, आज कितीवर नेलंस?"
जणू मीच रात्री जागून भाव ठरवते.

भाव कुठून येतो, मला नाही ठाऊक, काका.
सकाळी सहाला पाटीवरचे आकडे आपले आपण बदलतात,
मी तेव्हा खाली झाडू मारत असते.
कुणी म्हणतं, लांबच्या समुद्रात जहाजं अडलीत,
कुणी म्हणतं डॉलर, कुणी म्हणतं भोपाळचा कर.
भेरूलाल रिक्षावाला म्हणतो, सब खाते हैं, भिया.
मलाही तो भियाच म्हणतो.
मला दिसतं ते एवढंच
की शंभराची नोट तीच आहे,
नोझल मात्र लवकर थांबतं.
आणि समोरचे दुबेजी पोह्यांचा भाव वाढवत नाहीत,
चमचा बदलतात.

त्या मंगळवारी संध्याकाळी अफवा आली.
मांगलियाहून टँकर निघणार नाहीत म्हणे,
तीन दिवस, कदाचित आठ.
सात वाजता वीस गाड्या होत्या,
साडेसातला रांग पुलाखालून वळून
पलीकडच्या मेडिकलपर्यंत गेली.
वरातीची कार, फुलांसकट.
शाळेची व्हॅन, रिकामी.
दूधवाला केन घेऊन. केनमध्ये देत नाही
असं पाटीवर लाल अक्षरांत लिहिलंय,
त्याच पाटीखाली अकरा केन मी मोजले.
एक बाई काच खाली करून म्हणाल्या, फुल.
काटा पाऊण टाकीवर होता.
सात रुपये कमी दोनशे झाले, आणि नोझल खट्‌कन थांबलं.
एवढ्यासाठी त्या दीड तास उभ्या होत्या,
एसी चालू ठेवून.

ज्यांच्याकडे होतं ते पुढे होते.
ज्यांचं संपलं होतं ते गाड्या ढकलत आले,
म्हणून मागे.

पागनीसकाका आले. सोमवार नसताना.
स्कूटरच्या पायाशी पूर्वी रॉकेलचा असलेला डबा.
"टाकी भर. आणि हाही."
मी म्हटलं, झीरो बघून घ्या.
त्यांनी नाही बघितलं.
ते मागे वळून रांग बघत होते.
आणि मी डबा भरला. पाटीखालीच.

अफवा खरी होती की खोटी, देव जाणे.
साडेदहापर्यंत आम्ही सगळ्यांनी मिळून ती खरी केली.

मॅनेजरने जमिनीतल्या टाकीत पितळी काठी सोडली,
वर काढली, चष्मा पुसला,
पुन्हा सोडली.
मशीन दोनदा खोकलं.
पुढचा नंबर एम.वाय.च्या नर्सचा होता,
रुखसाना, रात्रपाळी, जुनी मोपेड.
मी सवयीनं म्हटलं, झीरो देख लीजिए.
ती बघत राहिली. आकडा हललाच नाही.
तिनं काही म्हटलं नाही,
गाडी हवेच्या पंपाशी लावली,
चावी माझ्या हातात दिली
आणि चालायला लागली.
मागच्यांना अजून कळलं नव्हतं,
ते हॉर्न वाजवत होते,
ती बाजूला होत नाही म्हणून.

बुधवारी पावणेनऊला टँकर आला.
नेहमीचाच ड्रायव्हर, नेहमीसारखा गुटखा थुंकत.
रांग नव्हती. कुणाला नकोच होतं,
सगळ्यांच्या टाक्या भरलेल्या.
पाटीवर अठरा पैसे चढले होते.

काका दोन सोमवार आले नाहीत.
भाजीबाजारात काकू भेटल्या, म्हणाल्या,
डबा गॅलरीत ठेवलाय,
तुळशीपाशी दिवा लावायची भीती वाटते बाई.

तिसऱ्या सोमवारी आले.
"शंभराचं," म्हणाले. भाव विचारला नाही.
मी काही म्हणायच्या आधीच
ते वाकून झीरो बघायला लागले.
मागची रिक्षा हॉर्न देत होती,
तरी बघत राहिले.