घसारा

एप्रिल संपत आला तरी ईरीत बर्फ आहे,
दुकानामागे, रस्त्यावरच्या मिठाने काळा पडलेला.
लोक हिवाळी टायर काढून घ्यायला येतात.
मी काउंटरमागे बिलं लिहिते
आणि मधेच, वहीच्या मागच्या पानावर,
रोवेनाचं कॉलेज.

एका पत्रावर उठावाचा लाल शिक्का.
वर्षाला ब्याऐंशी हजार, त्यातले एकतीस ते देणार.
उरलेल्यांचं काय, ते पत्रात नाही.
दुसरं साध्या पाकिटातून आलं, कोपरा दुमडलेला,
तासाभरावरच्या सरकारी विद्यापीठाचं:
फी माफ, राहण्या-जेवणाचं तेवढं बघा.

पहिलं तिने फ्रिजच्या दारावर लावलंय.
दुसरं टोस्टरखाली आहे.
मी दोन्हींना हात लावत नाही.

तिच्या लॅपटॉपवर तक्ता आहे.
पहिला पगार, हप्ता, हप्ते किती वर्षं
(शेवटच्या हप्त्याला ती छत्तिशीची),
आणि एक रकाना, ज्याला तिने मथळाच दिला नाही.

तो रकाना माझ्या ओळखीचा आहे.

मिलोशने हे दुकान हॅनरॅटीच्या बायकोकडून घेतलं,
हॅनरॅटी गेल्यावर, तेव्हा
जॅक, कॉम्प्रेसर, एकेक मोजलेला टायर,
सगळ्याची बेरीज केली तरी आकडा जुळेना.
चाळीस हजार जास्त जात होते.
ते पाटीचे, वकील म्हणाला. ख्याती म्हणून लिहा.
मी लिहिले.
मग दर डिसेंबरात दोन हजार सहाशे सहासष्ट
त्यातून वजा करत आले,
पंधरा वर्षं.
गेल्या नाताळाआधी वहीत त्या नावाचं शून्य झालं.

आणि आज सकाळी फोन वाजला,
कुणी म्हातारी विचारत होती, हॅनरॅटी आहेत का?
मिलोशने हात पुसले.
बोलतोय, म्हणाला.

हे मी रोवेनाला सांगितलं, बटाटे सोलता सोलता.
वाटलं, ती यातून काही अर्थ काढेल,
म्हणजे मला काढावा लागणार नाही.
ती हसली. मग बराच वेळ हसली नाही.
पण आई, त्याचं स्वतःचं नाव कुठे आहे?
म्हटलं, चेकवर. सहीत.
कर्जाच्या चेकवर, असं काही मी म्हटलं नाही,
पण बटाटा जरा जास्तच सोलला गेला.

एक तारीख गुरुवारी.
तिचा बाप फ्लोरिडातून फोनवर ओरडतो, मोठं नाव घे,
नाव जन्मभर पुरतं.
त्याचंच नाव आम्ही दोघी लावतो.
पुरलं, असं म्हणता येईल.

रात्री पाणी प्यायला उठले.
फ्रिजचं दार कोरं.
टेबलावर दोन्ही पत्रं शेजारी शेजारी,
आणि लाल शिक्क्यावर एक सेंटचं नाणं,
उभं धरून दाबल्याची खूण कागदावर.
दुकानात आम्ही टायरची खाच अशीच मोजतो:
नाण्यावरचं डोकं पूर्ण दिसलं, तर टायर संपला.

मी दिवा लावला नाही.
फ्रिजच्या उजेडात वाकून पाहिलं,
किती दिसतंय.