उदाहरणं पाच

सोलरूनच्या वहीत एकच ओळ होती:
घरात रसायनशास्त्र शोधा. उदाहरणं पाच.
हवेरागेर्दीत हे शोधायचं म्हणजे
हातच्या कांकणाला आरसा.
इथे जमीनच दिवसभर उकळत असते,
कपडे वाळवायच्या दोरीखालून वाफ निघते,
आणि गरम पाण्याचा नळ सोडला की
पाण्याआधी सडक्या अंड्याचा वास घरात शिरतो.

पहिलं तिने फ्रीजमधून काढलं. स्कीर.
कोमट दुधात कालचं चमचाभर, सकाळी घट्ट.
'जुन्याने नव्याला शिकवलं,' असं लिहिलं,
मग खोडलं आणि लिहिलं: आम्ल.

दुसरं ओव्हनमध्ये.
शिंगमीठ घातलेली बिस्किटं, तिच्या आईची कृती.
दार उघडलं तर अमोनिया असा झोंबला
की दोघांच्याही डोळ्यांना धारा.
निवल्यावर खाऊन पाहिली. वासाचा मागमूस नाही.
तो जिथून निघून गेला
तेवढी भोकं होती फक्त.

तिसरं माझ्या सायकलची साखळी.
त्यावर बोलण्यासारखं काही नाही. गंजली आहे.

चौथ्याने छळलं.
न्हाणीच्या काचेवरचा पांढरा थर
व्हिनेगर ओतून, पुन्हा ओतून, तस्साच.
पुस्तकातला चुना विरघळतो, बाबा. ही सिलिका आहे.
'प्रक्रिया झाली नाही,' तिने लिहिलं,
आणि पेन्सिल चावत विचारलं,
न झालेलं उदाहरण धरतात का?

पाचवं फळीवर होतं.
स्टेनवर इसाफ्योर्दुरला गेली तेव्हा
नळाशेजारी विसरलेलं तिचं चांदीचं कडं.
इथल्या हवेत ते वर्षभरात काळं पडतं,
दर नाताळला मी टूथपेस्ट लावून घासतो.
सोलरूनने वाटीत फॉइल अंथरली,
मीठ, खायचा सोडा, किटलीतलं उकळतं पाणी.
कडं फॉइलला टेकलेलं हवं, म्हणाली,
नुसतं जवळ असून चालत नाही.

अंड्याचा वास आला.
काळं हळूहळू कडं सोडून चाललं.
गंधक ॲल्युमिनियमकडे गेलं, ती म्हणाली,
चांदी होती तिथेच राहिली.
तू घासायचास ना, तेव्हा काळ्याबरोबर
थोडी चांदीही जायची.

मी कड्यावरून बोट फिरवलं.
पानांची नक्षी होती एकेकाळी.
कोळसा उगाळावा तितका काळा, हे ठाऊक होतं.
चांदी घासावी तितकी कमी,
हे कुणी सांगितलं नव्हतं.
आणि तीन वर्षं फोनवर मी
काय दुसरं करत होतो?
कोण चुकलं, कधी, कुणासमोर,
लख्ख होईपर्यंत.

वही मिटून ती झोपली.
कडं तिच्याच मनगटात, सैल.
मी फोन लावला. बराच वेळ वाजला.
विचारलं: बिस्किटांत शिंगमीठ किती घालायचीस?
पलीकडे थोडं थांबून स्टेनवर म्हणाली,
अंदाजाने.
आणि खिडकी आधीच उघडून ठेव.