पाणी एकोणीस अंश

दोरीला बांधून सोडलेला थर्मामीटर
वर ओढला तेव्हा एकोणीस दाखवत होता.
हवा त्याहून दहानं कमी.
पानशेतचा काठ, जानेवारी, उजाडायला वेळ.
कानटोपीतून केरबा लडकत म्हणाले,
"आज घाईचं काही काढू नकोस पेटीतून."

पेटीत घाईचंच जास्त होतं.
मे महिन्यातले पितळी चमचे,
गरगर फिरणाऱ्या पात्या,
लाल पिसांचा तो एक, ज्याच्यामागे
उन्हाळ्यात खडस पिसाटासारखा धावतो.
ते सगळं बाजूला सारलं,
थंडीत माठ पालथा घालून ठेवावा तसं.

खाली, फडक्यात, पांगाऱ्याचा मासा.
लडकतांनीच कोरलेला, वीतभर.
पोटात टायरवाल्याकडून मागून आणलेलं शिसं,
पाठीवर त्यांच्या मुलीच्या नेलपॉलिशचा जांभळा.
सोडला की बुडतो,
पण बुडायचीही त्याला गडबड नाही:
फुटाला तीन आकडे मोजावेत.

"गार पाण्यात मासा मोठं खातो, पण एकदाच.
शेपूट हलवायचा खर्च निघेल का, ते आधी बघतो.
तू लेथ चालवलास ना तीस वर्षं?
मग हे तसंच. आरपीएम खाली आण.
कट खोल, फीड बारीक."

तीस नाही, एकतीस. पिंपरीला.
आणि मी कधीच आरपीएम खाली आणला नव्हता.
बोनस नगावर मिळायचा.
घरी जेवतानाही माझा हात
कुणीतरी मोजत असल्यासारखा चालायचा.
रीळसुद्धा बोहरी आळीतून शोधून घेतलं ते सात-एकचं,
एका फेऱ्यात दीड हात दोरी.
"मासा धरतोयस का मांजा गुंडाळतोयस?"
लडकत विचारायचे, दर हिवाळ्याला, नेमानं.

मग गेल्या श्रावणात तो झटका. उजवी बाजू.
औंधच्या दवाखान्यात सातारकर बाई
भिंतीवरचं चाक फिरवायला लावायच्या.
पूर्ण फेरा. थांबा. पूर्ण फेरा.
शेजारच्या खोलीतला कुणीतरी
तेवढ्यात आख्खा चहा पिऊन यायचा.

आता तोच हात रिळाच्या मुठीवर.
फेकायचं लडकतांनी, गुंडाळायचं मी.
असं काही ठरलं नव्हतं,
त्यांनी काठी माझ्याकडून घेतली, फेकली, परत दिली, एवढंच.
फेरा. मध्येच बोटं विसरतात.
खाली पांगारा कलतो, कूस बदलतो,
झोपेतल्या माणसासारखा जरा पडून राहतो.
मग बोटांना आठवतं. फेरा.
"अस्सं," लडकत म्हणाले. "हा जानेवारीचा वेग.
मला वीस वर्षं लागली."
मी म्हटलं, मला एक रात्र पुरली.
ते हसले नाहीत. विझलेली बिडी परत पेटवली.

नवाच्या सुमाराला मागोमाग सावली आली.
दोन हात अंतर राखून,
उसने मागायला येऊन
दार न वाजवणाऱ्या माणसासारखी.
काठ जवळ आला, दोरी संपली.
"आठ काढ," लडकत कुजबुजले, "काठीच्या टोकानं, पाण्यातच.
आपला आठ नको, तो उघडा राहतो, मासा निघून जातो.
इंग्रजी आठ. बंद होणारा. वळणाला रुंद."

काढला. हात थरथरला म्हणून
एक पोट मोठं, एक लहान,
बालवाडीतल्या पोरानं काढावा तसा.
सावली पहिल्या वळणाला वळली.
दुसऱ्या वळणाला मला खवले दिसले,
घासून ठेवलेल्या तांब्याचे,
आणि एक डोळा, ज्याला माझ्याबद्दल काहीच मत नव्हतं.
मग ती खाली गेली. घाईनं नाही.
भाव विचारून गिऱ्हाईक दुकानातून उतरतं तशी.

थर्मामीटर पुन्हा सोडला. वीसला टेकत होता.
"अजून जरा तापू दे," लडकत म्हणाले, "मग चमचा बांधू."
नको, म्हटलं. हाच राहू द्या.
चमचा आता मला झेपायचा नाही.

त्यांनी गाठ ओली केली, ओढून बघितली,
आणि पांगाऱ्याचा मासा लांब टाकला,
सावली गेली होती त्याच्या थोडा पलीकडे.
मी बुडू दिला.
तीन.
सहा.
नऊ.