पावती

रावपुऱ्यातल्या लॅबचं काम मी हातात घेतलं तेव्हा
शिर्केकाकांचं स्टीलचं कपाट भंगारात निघालं होतं.
तीस वर्षं ते त्याच्यापुढे स्टूल टाकून बसले.
दारावरचा रमण नाव-गाव विचारूनच आत सोडायचा,
तरी पाकिटाला हात घालण्याआधी काका पुन्हा अडवत.
सख्ख्या मेव्हण्यालाही म्हणाले होते म्हणे,
"ओळखतो रे तुला. पावती कुठाय?"

आता रिपोर्ट स्क्रीनवर.
लॉगिन मी चोख बांधलं :
पासवर्ड, मोबाईलवर सहा आकडे,
पाच मिनिटं गप्प बसलात की बाहेर.
आणि ज्यांनी बघायचं नाही त्यांच्यापुरतं
'रिपोर्ट उघडा' हे बटण लपवून टाकलं.
केतनभाई म्हणाले, चालशे.
मलाही चाललं.

शुक्रवारी रात्री दांडिया बाजारच्या घरी, गॅलरीत,
माझ्याच शुगरचा रिपोर्ट बघत होतो.
वर पत्त्याच्या पट्टीत, शेवटी, ४११७.
उगाच,
जिन्यातून जाता जाता दुसऱ्याची कडी हलवून बघावी तसा
सात खोडून आठ केला.

उघडलं.

सुनेत्रा फणसे, वय चव्वेचाळीस.
आमच्याच वरच्या मजल्यावरच्या.
दोन ओळी वाचल्या.
तिसरी वाचायला नको होती.
वाचली.

मग पहाटेपर्यंत खोदत बसलो.
आत जायच्या त्रेसष्ट वाटा निघाल्या.
कोण आलंय, हे प्रत्येक वाट विचारत होती,
कपाटापाशी मात्र कुणी बसलंच नव्हतं.
आधी वाटेवाटेवर पहारा लिहीत सुटलो,
एकविसाव्या वाटेवर हात थांबला :
चौसष्टावी उद्या कुणी नवा पोरगा पाडेल
आणि घाईत विसरेल.
लिहिलेलं सगळं पुसलं.
जिथून कागद हलतो तिथेच, पार आत,
एक स्टूल टाकलं.
हा रिपोर्ट ह्या माणसाचा आहे का?
नसेल तर सांग, असा रिपोर्टच नाही.

४११८ पुन्हा मागितला.
नाही म्हणाला.
ज्यानं बोलायला शिकवलं त्यालाच.

आणखी कुणी आकडे बदलून बघितलेत का
म्हणून वर्षभराची नोंद चाळली.
एकच ओळ सापडली.
वेळ बारा वाजून चौदा मिनिटं,
नाव माझं.
केतनभाईंना फोन करून सांगितलं सगळं.
ते बराच वेळ गप्प होते.
चालशे म्हणाले नाहीत.

रविवारी जिन्यात सुनेत्राताई.
हातात सेवउसळीची पिशवी, रस्सा वेगळा बांधलेला.
मी भिंतीला चिकटून वाट दिली.
दोन पायऱ्या चढून त्या वळल्या,
"काय रे, ओळख विसरलास का?"

नाही म्हणालो,
आणि का कोण जाणे,
हात खिशात गेला,
चाचपत राहिला.