शेऱ्याचा रकाना

यंदा आपले शोधनिबंध एकोणचाळीस.
गेल्या साली अठ्ठावीस.
अधिष्ठात्यांनी आकडा दोनदा विचारून घेतला,
सोमवारी तपासणी-समिती येते आहे.

आकडा माझ्याकडचा. तळमजला, अभिलेख कक्ष,
जिथे खारी हवा टाचण्या खाते
आणि केसपेपरांवर उरतात गंजाचे ठिपके.

सत्ताविसावा निबंध:
कोळंबी सोलणाऱ्या स्त्रियांच्या बोटांचे विकार.
रुग्णसंख्या एकशे बारा.
ते कागद मीच काढून दिले होते
डॉक्टर मृण्मयी तोडणकरांना;
रात्रपाळी संपवून त्या इथेच बाकावर बसायच्या,
चहावर साय धरायची,
ओठ हलवत मोजत राहायच्या.

तक्ता तीन, शेवटची ओळ:
पाठपुराव्यास न आलेल्या – चौदा.

त्यातली एक आली होती.
रुकय्या होडेकर, मिरकरवाडा.
ओपीडी बंद झाल्यावर, पावणेदोनला,
कारण बर्फाची गाडी उशिरा रिकामी झाली.
तिने खिडकीतून हातच आत घातला,
नखांच्या कडा पांढऱ्या, फुगलेल्या.
"मलमान बरा वाटता," म्हणाली,
"बरफात हात घातला की परत तसाच.
त्या बाईंना सांगशील काय?"

बाई त्या दिवशी परिषदेला, पुण्याला.
मी म्हटलं, बुधवारी ये.
बुधवारी तिच्या मालकाच्या दोन लाँची लागतात,
हे मला कुठे ठाऊक.

पत्रक टाइप झालं. एकोणचाळीस.
कडेला शेऱ्याचा रकाना असतो, तो कुणी भरत नाही.
मी पेन्सिलीने लिहिलं: तेरा.

कशाचे तेरा,
ते लिहायला जागा नव्हती.